हृदयविकार आणि दातांच्या नांग्या



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, हुमणी आणि खतांचे हप्ते यांवर लिहितो. या वेळी विषय दातांचा आणि हृदयाचा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने डॉक्टरकीत नाक का खुपसावे, असे कुणी म्हणेल. त्याला कारण घडले आहे, आणि त्यात चूक आमची आहे. म्हणून तेच आधी सांगतो.

आमच्या गटात एक जुने सभासद आहेत. वय साठीच्या पुढचे, सगळा गाव त्यांना आण्णा म्हणतो. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली म्हणून त्यांना स्टेंट बसवला होता, त्याला चार महिने झाले होते. रोजच्या दोन गोळ्या चालू होत्या, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. खालच्या दाढा हलत होत्या म्हणून त्या काढायची तारीख तालुक्याला ठरली होती. आडसालीची नोंद घ्यायला आम्ही त्यांच्या बांधावर गेलो, तेव्हा ते म्हणाले, "सायेब, ह्या रगत पातळ करायच्या गोळ्या. दाढ काढल्यावर रगत थांबायचं न्हाई म्हणत्यात. आठ दिस बंद ठिवू का?"

आम्ही नोंदवहीतून मान वर न काढता म्हणालो, "ठेवा की. आठ दिवसानं काय होतंय?"

सहाव्या रात्री आण्णांच्या छातीत कळ आली. बसवलेल्या स्टेंटमध्येच रक्ताची गुठळी झाली होती. मुलाने लगेच गाडी काढली, वेळेत पोचले, म्हणून वाचले. गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा आण्णांनी आमचे नाव घेतले नाही. "माझं मीच केलं," म्हणाले. उसातले कळते म्हणून साहेबाला सगळेच कळते, असे लोक धरून चालतात. त्या दिवशी आम्हीही तसेच धरून चाललो होतो.

पुढे आण्णांच्या प्रत्येक फेरीला आम्ही बरोबर गेलो. हृदयाच्या आणि दाताच्या डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतले, ते खाली देत आहोत.

दाताचे रोपण म्हणजे काय

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा बारीक स्क्रू बसवतात. तो दाताच्या मुळीचे काम करतो. हाड त्याला धरून बसायला साधारण तीन ते सहा महिने जातात, आणि मग त्यावर दात चढवतात. इंग्रजीतून आलेला शब्द इम्प्लांट.

हा शोध ओघाओघात लागला. १९५२ साली स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवून आतला रक्तप्रवाह पाहत होते. काम झाल्यावर कुपी काढायला गेले तर ती निघेना. हाडाने धातू घट्ट धरला होता. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. त्या गृहस्थाने ते चाळीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत वापरले.

आपल्या भाषेत या दातांच्या नांग्या भरणेच झाले. फरक एवढाच, की उसाच्या नांग्या लवकर भराव्या लागतात. हृदयविकार असेल तर दाताच्या नांगीला घाई चालत नाही.

गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका

स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळी. ती नवी असते तोवर तिच्यावर रक्त साकळण्याचा धोका जास्त. तो टाळण्यासाठी या गोळ्या असतात. गोळ्या थांबल्या की धोका उघडा पडतो.

गोळ्या चालू असताना दात काढला तर रक्त थोडे जास्त वेळ येते, हे खरे. पण ते तोंडात दिसते, आणि बोळा दाबून, टाके घालून किंवा औषध लावून थांबवता येते. हृदयातली गुठळी दिसत नाही आणि दाबून थांबत नाही. म्हणून पुष्कळदा गोळ्या चालू ठेवूनच दाताचे काम करतात. वॉरफेरिन घेणाऱ्यांची आधी आयएनआर ही रक्ताची तपासणी करतात. कोणती गोळी किती दिवस थांबवायची, किंवा थांबवायचीच नाही, हे फक्त हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचे.

वाफसा आल्याशिवाय लागण नको

रोपण हे अडलेले काम नाही. झटका येऊन गेल्यावर पुष्कळ डॉक्टर सुमारे सहा महिने थांबायला सांगतात. नवा स्टेंट असेल तर दोन गोळ्यांची मुदत संपेपर्यंत, म्हणजे बहुधा वर्षभर, थांबतात. रक्तदाब १८०/११० वर गेला असेल, थोडे चालल्यावर दम लागत असेल किंवा छाती वरचेवर दुखत असेल, तर आधी ते ताब्यात आणायचे. मात्र दाढेला पू होऊन गाल सुजला, ताप आला, तर थांबू नये. दोन्ही डॉक्टरांच्या विचाराने त्यावर लगेच इलाज करून घ्यावा.

झडपेचा आजार असेल तर

तोंडातले जंतू दाताच्या कामाच्या वेळी रक्तात शिरतात. एरवी शरीर त्यांना संपवते. पण हृदयाची झडप कृत्रिम असेल, तिथे पूर्वी जंतूंची बाधा होऊन गेली असेल, किंवा काही जन्मजात दोष असतील, तर ते तिथे घर करतात. हा आजार जिवावर बेततो. म्हणून अशा रोग्यांना कामाच्या अर्धा ते एक तास आधी औषधाचा एक डोस देतात, बहुधा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम. ही आपली बेणेप्रक्रियाच समजा. पेनिसिलीन सोसत नसेल त्याने तसे आधीच सांगावे.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ साली हा डोस अशा जास्त धोक्याच्या रोग्यांपुरताच ठेवला, आणि २०२१ साली तेच पुन्हा सांगितले. नुसता स्टेंट किंवा बायपास झालेल्यांना त्यासाठी तो लागत नाही. लहानपणी सांधेताप येऊन झडप बिघडलेले लोक आपल्याकडे बरेच आहेत. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि एका डोसापेक्षा रोज दोन वेळा दात घासणे अधिक मोलाचे, हे सर्वांसाठी.

आणखी थोडे

भुलीच्या इंजेक्शनात बहुधा ॲड्रिनॅलिन असते. हृदयरोग्याला ते मोजून देतात, म्हणून आजार लपवू नये. पेसमेकर असेल तर तेही सांगावे, कारण दात साफ करण्याच्या काही जुन्या यंत्रांचा त्याला उपद्रव होऊ शकतो. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनसारख्या गोळीने काहींच्या हिरड्या सुजतात. त्यावर गोळी टाकून न देता डॉक्टरांना दाखवावे.

ताब्यातला हृदयविकार रोपणाच्या आड येत नाही, असे आजवरचे अनुभव सांगतात. आड येते ती विडी, तंबाखू, मिश्री आणि वाढलेली रक्तातली साखर. साखर गोदामात वाढली तर आनंद आहे, रक्तात नको.

शिवाय रोपण सर्वांनी करावेच असे नाही. खर्च मोठा असतो. चांगली बसलेली कवळीही काम देते.

जबडा दुखला म्हणजे दातच असे नाही

हे मात्र कापून ठेवा. हृदयाचे दुखणे कधी कधी खालच्या जबड्यात जाणवते. चढ चढताना, मोळी उचलताना जबडा दुखतो आणि बसले की थांबतो, असे होत असेल तर आधी हृदय तपासून घ्या. सोबत घाम, दम किंवा छातीवर दाब असेल तर लवंग दाबून बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आण्णांचे पुढे काय झाले

दीड वर्षाने हृदयाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. ॲस्पिरिन चालू ठेवूनच आण्णांच्या खालच्या जबड्यात दोन रोपणे झाली. रक्त अर्ध्या तासात थांबले. चार महिन्यांनी दात चढले. आता आण्णा भाकरी खातात. ऊस मात्र कोयत्याने बारीक कांड्या करून खातात.

आम्ही त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं खरं, पर इचारलं मी चुकीच्या माणसाला."

तेव्हा सभासदांना विनंती, की आपल्या गोळ्यांची चिठ्ठी ऊस नोंदीच्या पावतीसारखी खिशात ठेवा आणि दाताच्या डॉक्टरांना पहिल्यांदा तीच दाखवा. उसाचे काही असेल तर गट ऑफिसात आम्हाला जरूर विचारा. गोळ्यांचे विचारलेत तर आम्ही आता एकच उत्तर देतो : डॉक्टरांकडे चला, आम्ही बरोबर येतो.

— ऊस विकास अधिकारी