सयामी कीं ब्रिटिश?

मांजर रूप पाहून आणावें, हा पुष्कळांचा रिवाज आम्हांस पसंत नाहीं. आखूड केसांच्या दोन जातींचेंच उदाहरण घेऊं. १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें भरलेल्या मार्जार-प्रदर्शनांत सयामी व इंग्रजी अशीं दोन्ही मांजरें मांडलीं होतीं.

सयाम म्हणजे आजचा थायलंड. तेथील मांजर सडपातळ व निळ्या डोळ्यांचें असतें. पिलूं जन्मतः पांढरें. पुढें कान, तोंड, पाय व शेपूट हे अंगाचे थंड भाग तेवढे काळवंडतात. तें बोलकें व माणसांचें लोभी. एकटें पडल्यास झुरतें, ओरडतें. ब्रिटिश मांजर भरदार व शांत; जवळ बसेल, पण उचलून घेतलेलें त्यास बहुधा रुचत नाहीं.

दिवसभर माणसांचा राबता असलेल्या घरीं सयामी रमतें. मात्र घरांतील वृद्धांस त्याचा आवाज सोसवेल काय, हें आधीं त्यांसच विचारावें. दुपारीं घर रिकामें पडत असेल तर ब्रिटिश बरें. पण तें लवकर स्थूल होतें, म्हणून खाणें मोजून घालावें.

दोहोंपैकीं कोणतेंही केवळ दूधभातावर निभत नाहीं. मांसांतील टॉरिन न मिळाल्यास दृष्टि व हृदय बिघडतें. ही सोय घरांत मान्य नसेल, तर मांजर न आणणें हीच दया होय.