खिंडारातील पहारा

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचा तट पाडला आणि वेशी जाळल्या. बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांनी पुढे मंदिर पुन्हा उभारले, परंतु तटाची खिंडारे बुजली ती इ.स.पू. ४४५ मध्ये, आणि त्या कामाची हकीकत बायबलच्या जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकात आहे. देवाचे संरक्षण कोठे संपते आणि माणसाचे कष्ट कोठे सुरू होतात, हा प्रश्न या पुस्तकासमोर ठेवला, तर अशी सीमारेषाच त्यात सापडत नाही.

नहेम्या हा शूशन येथे पारसाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाच्या हाती मद्याचा प्याला देणारा विश्वासू सेवक होता. यरुशलेमची दुर्दशा ऐकून त्याने उपास केला, प्रार्थना केली, आणि संधी मिळताच वाटेतील अधिकाऱ्यांसाठी पत्रे व वेशींच्या तुळयांसाठी सरकारी वनातील लाकूड राजाकडे मागितले. त्याच्याआधी आलेल्या एज्रा शास्त्र्याने देवावरील भरवशाची ग्वाही राजाला दिली होती, म्हणून वाटेच्या रक्षणासाठी शिपाई मागण्याची त्याला लाज वाटली. नहेम्या मात्र घोडेस्वारांसह आला. दोघांनीही आपल्या प्रवासात देवाचाच हात पाहिला, हे येथे महत्त्वाचे आहे.

पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील नावांची लांबलचक यादी वाचक बहुधा ओलांडून जातो, आणि ते खरोखर नुकसानीचे आहे. मुख्य याजक एल्याशीब मेंढेवेशीपाशी राबतो, सोनार आणि सुगंधी द्रव्ये बनवणारा कारागीर दगड रचतात, शल्लूम नावाचा अधिकारी आपल्या मुलींसह तटावर उभा राहतो, कित्येक जण आपापल्या घरासमोरचाच भाग दुरुस्त करतात. तकोवा गावच्या सरदारांनी या कामाला मान वाकवली नाही, हेही नोंदवून ठेवलेले आहे.

विरोधकांपैकी सनबल्लटाने जळक्या दगडांवरून टोमणा मारला, तो वर्मी लागणारा होता, कारण त्या डोंगरातला चुनखडीचा दगड आगीत भाजला की ठिसूळ होतो. हल्ल्याची कुणकुण लागल्यावर लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. मूळ ग्रंथात या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात. तट जेथे बुटका होता तेथे घराण्याघराण्यांनी माणसे उभी केली, हमालांनी एका हाताने ओझे आणि दुसऱ्या हातात हत्यार धरले, गवंड्यांच्या कमरेला तलवारी होत्या. कर्णा वाजेल तेथे सर्वांनी धावून यावे, देव आपल्यासाठी लढेल, असे नहेम्याने सांगितले. देव लढणार म्हणून घरी बसावे, असा अर्थ कोणीही काढला नाही.

याहून खोल खिंडार मात्र तटाच्या आत होते. दुष्काळात धान्यासाठी आणि राजाचा कर भरण्यासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली होती, पोटची मुले गुलामगिरीत द्यावी लागत होती, आणि हे सावकार परके नसून त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने सभा भरवली, आपणही कर्ज दिलेले आहे हे मान्य केले, गहाण मालमत्ता व व्याज परत करण्याची शपथ धनकोंकडून घेतली, आणि वस्त्राचा पदर झटकून दाखवला: वचन मोडणाऱ्याला देव असाच झटकून टाको. प्रांताधिपती म्हणून हक्काचा असलेला भत्ता त्याने बारा वर्षे घेतला नाही. दुबळ्याचे शेत गिळणाऱ्यांनी बांधलेल्या तटाला देवाने राखावे, अशी अपेक्षा या पुस्तकाला मान्य नसावी, आणि त्याच्या साऱ्या विचाराचा कणा येथेच आहे.

तट ५२ दिवसांत पुरा झाला. एवढी नावे टिपून ठेवणारे पुस्तक त्याचे श्रेय देवाला देते, आणि तेही शत्रूंना कळून चुकलेली गोष्ट म्हणून. याच्या सुमारे पाऊण शतक आधी जखऱ्या संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्या पुरुषाने, तटाविना वसलेल्या आणि देव स्वतः भोवती अग्नीचा कोट होऊन राखत असलेल्या यरुशलेमचे दर्शन पाहिले होते. तेथे तट नसण्याचे कारण माणसांची व गुरांची दाटी हे होते. नहेम्याच्या काळी उलट नगर विस्तीर्ण आणि वस्ती तुरळक होती. म्हणून चिठ्ठ्या टाकून दहांतील एकाला गावाकडून यरुशलेमात राहायला आणायचे ठरले, आणि जे आपखुशीने आले त्यांना लोकांनी आशीर्वाद दिला.