चिठ्ठीतले नाव आणि मुकादमाची उचल
लेखमाला : उद्याच्या जगाच्या कादंबऱ्या (भाग सहावा)

सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ (2008) या किशोरांसाठीच्या कादंबरीतला सर्वांत क्रूर भाग रिंगण सुरू होण्याच्या आधीच येऊन जातो, आणि तो धान्याच्या हिशेबाचा आहे. भविष्यातल्या पॅनम या देशात कॅपिटॉल ही चैनीत राहणारी राजधानी आहे आणि तिच्यासाठी राबणारे 12 जिल्हे आहेत. फार पूर्वीच्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून 12 ते 18 वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडतात. अशी 24 मुले रिंगणात सोडली जातात. एकच जिवंत उरेपर्यंत ती एकमेकांना मारतात आणि साऱ्या देशाला ते पडद्यावर पाहावे लागते.

चिठ्ठी सर्वांना सारखीच, असे वरून दिसते. बाराव्या वर्षी नाव एकदा पडते, तेराव्या वर्षी दोनदा, आणि अठराव्या वर्षी सात वेळा. पण घरात खायला नसेल तर मुलाला ‘टेसेरा’ घेण्याची मुभा आहे. एका माणसाला वर्षभर कसेबसे पुरेल इतके धान्य आणि तेल मिळते. त्या बदल्यात नाव आणखी एकदा पडते. या जादा चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात. कोळशाच्या खाणीत बाप गमावलेली कॅटनिस बाराव्या वर्षापासून स्वतःसाठी, आईसाठी आणि धाकट्या बहिणीसाठी टेसेरा घेते. सोळाव्या वर्षी तिचे नाव 20 वेळा पडलेले असते. तिचा मित्र गेल पाच माणसांचे पोट भरतो. अठराव्या वर्षी त्याच्या चिठ्ठ्या 42 होतात. ज्यांच्या घरात भाकरीची ददात नाही त्यांच्या नावावर सातच. कोणीही जबरदस्ती केलेली नाही, सही मुलानेच केलेली आहे, आणि तरी मरणाची शक्यता भुकेच्या प्रमाणात वाटली गेली आहे.

ही रचना समजून घ्यायला बीड जिल्ह्यातील वाचकाला कल्पनाशक्तीची फारशी गरज नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि पुढे कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या फडांवर ही माणसे मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. निघण्याआधी टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल कोयत्यावर मिळते. रक्कम पन्नास हजारांपासून लाखाच्या वरही जाते. ती हातात पडते तेव्हा ऊस अजून तोडायचा असतो, पण पैसा बहुधा आधीच संपलेला असतो. मागची देणी, लग्न, दवाखाना, पेरणी यांत तो जातो.

मग हंगामभर टनावर हिशेब चालतो. पहाटे अंधारात फडात शिरायचे, ऊस तोडायचा, पाचट सोलायचे, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवायच्या. गाडी रात्री आली तर भरणी रात्री. रोजचा किराणा पुष्कळदा जनावरांसाठी वाढे विकून आलेल्या पैशावर निघतो, कारण मजुरी उचलीत वळती होत असते. आजारपणाने किंवा बाळंतपणाने काम बुडाले तर त्याला खाडा म्हणतात, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. दिवसाला पाचशे रुपयांची कपात अनेक टोळ्यांत सांगितली जाते. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी अंगावर राहते, आणि पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाकडे जावे लागते. टेसेराची चिठ्ठी जशी वर्षागणिक साठते, तशीच ही बाकी साठते. 1976 च्या कायद्याने देशात वेठबिगारी बंद झाली. पण आगाऊ रकमेने बांधलेले श्रम त्या कायद्याच्या चौकटीत कसे पकडायचे, हा प्रश्न ऊसतोडीत अजून सुटलेला नाही.

किशोरांच्या या कादंबऱ्यांत त्यागाचा क्षण ठळक असतो. कॅटनिसच्या धाकट्या बहिणीच्या, प्रिमच्या, नावाची एकच चिठ्ठी असूनही तीच निघते, आणि कॅटनिस तिच्या जागी स्वतःला पुढे करते. वाचक हा प्रसंग कधी विसरत नाही. पण कॅटनिसने पाच वर्षे घेतलेला टेसेराही त्यागच होता, आणि त्याला टाळ्या मिळाल्या नाहीत. बीडमधला त्याग या दुसऱ्या जातीचा आहे. तो हप्त्याहप्त्याने होतो, त्याला साक्षीदार नसतात, आणि त्याचा मोठा वाटा बाईच्या शरीरातून वसूल होतो.

2019 मध्ये ही गोष्ट राज्यासमोर आकड्यांनी आली. बीडमधील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याच्या बातम्यांनंतर विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे जवळपास सतरा टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (2015-16) 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये राज्याचे प्रमाण 2.6 टक्के होते. दोन्ही मोजण्यांची पद्धत एक नाही. तरीही हे अंतर पद्धतीच्या फरकात मावणारे नाही.

कारणे एकात एक अडकलेली आहेत. फडाशेजारच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, संडास नसतो, न्हाणी नसते, पुरेसे पाणी नसते. पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नाही. जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, आणि दुखणे अंगावर काढले जाते, कारण दवाखान्यात जाणे म्हणजे खाडा. कोवळ्या वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे आणि ओल्या अंगाने उचललेल्या मोळ्या यांनी गर्भाशयाची दुखणी वाढतात. हंगाम संपवून गावी आल्यावर खासगी दवाखान्यात औषधोपचाराने बरे होणाऱ्या तक्रारीवरही पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो आणि पुष्कळदा कॅन्सरची भीती घातली जाते. ‘पिशवी काढली की कटकट गेली’ हे वाक्य मग घराघरांत फिरते. शस्त्रक्रियेचा खर्चही उचलीतून येतो. तिशीच्या आत-बाहेर गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले असतील तर शरीर एकदम रजोनिवृत्तीत ढकलले जाते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, सांधे आणि कंबर धरते, झोप जाते. कामाला अडथळा नको म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर कामच होईनासे होते. तिथेही संमतीपत्रावर अंगठा तिचाच असतो.

या साखळीत किशोरवयीन मुलगी कुठे उभी आहे, हे पाहिले की कादंबरी आणि जिल्हा यांच्यातले अंतर आणखी कमी होते. आई-बाप फडावर असताना मोठी मुलगी कोपीवर धाकट्यांना सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. शाळेचे दुसरे सत्र बुडते. गावी ठेवावे तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर वयात आलेली पोर ठेवण्याची धास्ती. शिवाय उचल जोडीवर मिळते, त्यामुळे लग्न झाले की नवा कोयता उभा राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) बीडमधील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 44 टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते; राज्याचे प्रमाण सुमारे 22 टक्के होते. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली 807 होत्या, राज्यात सर्वांत कमी. पॅनममध्ये चिठ्ठीत एक मुलगा आणि एक मुलगी अशी समान संख्या तरी असते.

तगून राहण्याबद्दल कॉलिन्स यांचे म्हणणे पहिल्या वाचनात सहसा हातातून निसटते. तिरंदाजी येते म्हणून कॅटनिस वाचते, असे चित्र राहते. कादंबरीत मात्र तिला वाचवणारी माणसे मोजता येतात. बापाच्या मृत्यूनंतर घर उपाशी असताना बेकरीवाल्याचा मुलगा पीटा आईचा मार खाऊन तिच्याकडे जळालेले पाव टाकतो. रिंगणात शेतीच्या अकराव्या जिल्ह्यातली बारा वर्षांची रू तिची जोडीदार होते. रू मरते तेव्हा कॅटनिस तिला फुलांनी सजवते, आणि त्या गरीब जिल्ह्यातून कॅटनिसला पाव पाठवला जातो. जिल्ह्यांनी एकमेकांना परके मानावे यावर कॅपिटॉलचे राज्य उभे आहे; त्या पावाने पहिली फट पडते. शेवटी कॅटनिस आणि तिच्यासारखाच रिंगणात असलेला पीटा मिळून विषारी फळे खायला तयार होतात, तेव्हा एकच विजेता हा नियम राज्यकर्त्यांनाच मागे घ्यावा लागतो.

ऊसतोडीतही जे थोडेफार हाती आले ते एकट्या कोयत्याला मिळालेले नाही. हंगामाच्या तोंडावर कोयता बंद ठेवायचा आणि दरवाढ मागायची, या मार्गाने संघटनांनी साखर संघाला करारावर आणले. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि मुकादमाचे कमिशनही एका टक्क्याने वाढले. गर्भाशयाचा प्रश्न लावून धरण्यात महिला किसान अधिकार मंचासारख्या गटांचा वाटा मोठा होता. 2019 नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले आणि त्याच्यासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घेण्याचे ठरले. मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली.

एका बाबतीत मात्र कादंबरी आणि बीड यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. कॅपिटॉलला बळी दाखवायचा असतो. धाक त्यातूनच बसतो. साखरेच्या पोत्यावर फडातल्या बाईचा मागमूसही नसतो, आणि ती कारखान्याच्या हजेरीपटावरही नसते. हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, तोही बहुधा नवऱ्याच्या नावावर. म्हणून नोंदणी, ओळखपत्र, फडावर आरोग्य तपासणी या रुक्ष वाटणाऱ्या मागण्या महत्त्वाच्या ठरतात. मालिकेच्या दुसऱ्या भागात, ‘कॅचिंग फायर’मध्ये (2009), जिंकून परतलेल्यांना पुन्हा रिंगणात पाठवले जाते, आणि कॅटनिसला दिलेली सुटका खोटी होती हे उघड होते. करारातला दर वाढला तरी उचल, खाडा आणि अंगावरची बाकी यांचा हिशेब मुकादमाच्या वहीतच राहिला आहे. जी जोडी यंदा उचल फेडून परतते, तिच्याही घरी पावसाळा सरता सरता मुकादम येतो.