हिऱ्याची पारख: चमकेआधी पावती पाहा

उजनीच्या फुगवट्याकाठी, कंदर, वांगी, चिखलठाण, कुगाव, केत्तूर या बाजूला ‘कॅरेट’ म्हटले की आधी टोमॅटोचे नाहीतर मासळीचे प्लास्टिकचे कॅरेट आठवते. सराफाच्या दुकानात मात्र याच शब्दाचे दोन वेगळे अर्थ होतात आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो. उसाचे बिल जमा झाले, केळीचा माल गेला, की निकाहाच्या खरेदीसाठी आपण टेंभुर्णी, करमाळा, सोलापूर किंवा बारामती गाठतो. सोन्याची पारख आपल्या अम्मी-खालांना पक्की असते. चमकी, टॉप्स, अंगठीतून घरात येणाऱ्या हिऱ्याची पारख मात्र शिकून घ्यावी लागते.

दोन कॅरेट, दोन अर्थ

सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता. २२ कॅरेटवर ९१६ आणि १८ कॅरेटवर ७५० असा शिक्का असतो. खडे घट्ट बसावेत म्हणून हिऱ्याचे दागिने बहुधा १८ किंवा १४ कॅरेटमध्ये घडवतात. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन: १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचे १०० सेंट. ‘अर्ध्या कॅरेटचे टॉप्स’ असे ऐकले की विचारा, एकच खडा की अनेक बारीक खडे मिळून? तेवढ्याच वजनाचा एकच खडा बारीक खड्यांपेक्षा पुष्कळ महाग असतो.

वजनाखेरीज तीन गुण

पहिला, कट. चांगल्या पैलूंच्या हिऱ्यात वरून शिरलेला प्रकाश वरूनच परत येतो. तळ फार उथळ किंवा फार खोल असला तर प्रकाश निसटतो आणि मोठा हिराही मलूल दिसतो. म्हणून आमच्या मते पैसे आधी कटवर खर्च करावेत.

दुसरा, रंग. तो डी ते झेड अशा अक्षरांत मोजतात. डी म्हणजे पूर्ण रंगहीन, पुढे पिवळट झाक वाढत जाते. जी, एच हे डोळ्यांना पांढरेच दिसतात. पिवळ्या सोन्यात तर थोडी झाक लक्षातही येत नाही.

तिसरा, निर्मळपणा. आतले डाग दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहतात. व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, आय अशी उतरती श्रेणी आहे. व्हीएसमधले डाग नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच लखलखते, म्हणून दागिना दाराशी उजेडात नेऊन पाहा.

हिरा कोणता?

पेन्सिलीतले ग्रॅफाइट आणि हिरा दोन्ही कार्बनच, हे मुले शाळेत शिकतात. प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही कार्बनच असतो, म्हणून तो खोटा नव्हे. दुकानातल्या साध्या यंत्राला तो वेगळा ओळखता येत नाही. पण त्याची किंमत नैसर्गिक हिऱ्यापेक्षा फार कमी असते आणि परत विकताना हाती थोडेच येते. हौसेसाठी घ्या, पण नैसर्गिकाच्या भावात घेऊ नका. ‘अमेरिकन डायमंड’ हा तर हिराच नव्हे. तो झिरकोनियाचा खडा.

पावतीत काय हवे?

हॉलमार्क फक्त सोन्याची हमी देतो, हिऱ्याची नाही. त्यावरचा सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. दोन ग्रॅमखालच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे चमकी घेताना पावती अधिकच महत्त्वाची. मोठ्या खड्यासाठी जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागा. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्याचे वजन व दर्जा, तो नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, घडणावळ आणि परत घेण्याची अट वेगवेगळी लिहून घ्या. पाच कॅरेट खडे म्हणजे एक ग्रॅम. ते सोन्याच्या भावाने मोजले जाऊ नयेत.

आपल्या घरांत या पावतीचे आणखी एक काम आहे. मेहरमध्ये दागिना द्यायचा असेल तर नुसते ‘हिऱ्याचा सेट’ न लिहिता हा तपशील नोंदवावा. मुलीचा हक्क स्पष्ट राहतो. हनफी मतानुसार वापरातल्या हिऱ्यावर जकात नाही, पण त्याच दागिन्यातल्या सोन्याचा हिशोब करावा लागतो. निव्वळ वजन कागदावर असेल तर तो हिशोब सोपा जातो. शंका असल्यास आलिमांना विचारावे.

प्रश्न विचारायला संकोच वाटू देऊ नका. चांगला सराफ उत्तरे देतो आणि ती पावतीवर लिहूनही देतो. जो लिहून द्यायला तयार नसेल, त्याच्या दुकानातून रिकाम्या हाताने परत आलेले बरे.