पेमेंट गेटवेचे 2 टक्के

महिन्याच्या वर्गणीवर सॉफ्टवेअर विकणारा नवा उद्योजक गेटवे निवडायला बसला की एक्सेलमध्ये दोन रकाने आखतो: कंपनीचं नाव आणि टक्के. ज्याचे टक्के कमी, तो स्वस्त. या तक्त्यात तीन गोष्टी नसतात. आपलं बिल किती रुपयांचं, ग्राहक ते कशावरून भरणार, आणि पुढच्या महिन्यात पैसे आपोआप वळते होणार की नाही.

आधी घरचा हिशेब मांडू. समजा, नाशिकची एक छोटी कंपनी दवाखान्यांना अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर महिना 1,500 रुपयांना देते. गेटवेचा छापील दर 2 टक्के, अधिक 18 टक्के जीएसटी. हे वाचून काहींच्या पोटात गोळा येतो, जणू शंभरातले वीस रुपये गेले. हा जीएसटी बिलावर नाही, गेटवेच्या कमिशनवर आहे. मात्र कमिशन कापलं जातं ते 1,500 वर नव्हे, तर तुमचा जीएसटी धरून होणाऱ्या 1,770 रुपयांवर. ते झालं 35 रुपये 40 पैसे. त्यावरचे 6 रुपये 37 पैसे इनपुट टॅक्स क्रेडिटमध्ये वसूल होतात. म्हणजे 1,500 च्या कमाईवर खरा खर्च 2.36 टक्के. सरकारला भरायच्या 270 रुपयांवरही कमिशन तुम्हीच देता, हे फारसं कोणी मोजत नाही. गंमत अशी, की उलाढाल 20 लाखांच्या आत म्हणून ज्याने जीएसटी नोंदणी केलेली नाही, त्याचाही आकडा हाच येतो: कमिशन 30 रुपये, त्यावर जीएसटी 5 रुपये 40 पैसे, आणि क्रेडिट शून्य.

‘वार्षिक प्लॅन विका, कमिशन वाचतं’ हा सल्ला अमेरिकेतून आला आहे, आणि तिथे तो खराच आहे. स्ट्राइप या गेटवेचा तिथला छापील दर 2.9 टक्के अधिक 30 सेंट. पाच डॉलरच्या मासिक वर्गणीतून साडेचव्वेचाळीस सेंट जातात, म्हणजे जवळपास 9 टक्के. तेच गिऱ्हाईक वर्षाचे 60 डॉलर एकदम भरेल, तर 3.4 टक्के. फरक पडतो तो त्या 30 सेंटमुळे, कारण ते प्रत्येक व्यवहाराला लागतात. आपल्याकडचा दर निव्वळ टक्क्यांत असला, तर 1,770 चे बारा हप्ते घ्या की 21,240 एकदम घ्या, कमिशन तेच: 424 रुपये 80 पैसे. दमडीही वाचत नाही. वर्षाचे पैसे आधी हातात येतात, हा फायदा वेगळा.

उलट इथे एक खाच आहे. ई-मँडेटच्या, म्हणजे ठरावीक कपातीला ग्राहकाने आगाऊ दिलेल्या मंजुरीच्या, रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून परस्पर पैसे कापण्याची जुनी रीत बंद झाली. पहिल्या वेळी ग्राहकाची ओटीपीने मंजुरी, आणि पुढच्या प्रत्येक कपातीआधी 24 तास सूचना. जून 2022 पासून अशी विनाओटीपी कपात सर्वसाधारण वर्गणीसाठी 15,000 रुपयांपर्यंत चालते. आपलं 21,240 चं वार्षिक बिल त्या मर्यादेबाहेर. म्हणजे ऐन ओपीडीच्या वेळी डॉक्टरांनी फोन हातात घेऊन ओटीपी टाकला, तरच नूतनीकरण होणार. 1,770 चं मासिक बिल मात्र निमूट वळतं होतं.

‘यूपीआय फुकट आहे’ हे अर्धसत्य. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर (व्यवहारामागे व्यापाऱ्याकडून बँका घेतात तो आकार) जानेवारी 2020 पासून शून्य आहे, हे खरं. पण एमडीआर म्हणजे गेटवेची फी नव्हे. ऑटोपेचं, म्हणजे यूपीआयवरच्या आपोआप कपातीचं, मँडेट नोंदवणं, सूचना धाडणं, ठरल्या तारखेला पैसे ओढणं या सेवेचे पैसे गेटवे स्वतंत्रपणे लावू शकतो. शिवाय यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डाला शून्याचा नियम नाही. छोट्या व्यापाऱ्यांना 2,000 रुपयांपर्यंतच सूट.

परदेशी ग्राहक आले की आपल्या वतीने विक्री करणाऱ्या पॅडलसारख्या कंपन्यांचं ‘5 टक्के अधिक 50 सेंट’ पाहून लोक नाक मुरडतात. पाच डॉलरच्या वर्गणीला तो दर खरंच मारक आहे, 15 टक्के जातात. पण 50 डॉलरचं बिल घ्या. अमेरिकेत कंपनी नोंदवून स्ट्राइप घेतलं आणि ग्राहक जर्मनीतला, युरोत भरणारा निघाला, तर 2.9 वर परदेशी कार्डाचे 1.5, चलनबदलाचा 1 आणि वर्गणी सांभाळणाऱ्या बिलिंगचे 0.7 टक्के चढतात. 30 सेंट धरून झाले 3 डॉलर 35 सेंट. पॅडलचे 3 डॉलर. आणि पॅडल कागदोपत्री स्वतःच विक्रेता होत असल्याने व्हॅट गोळा करून भरण्याची जबाबदारीही त्याची. युरोपीय संघात खासगी ग्राहकाला डिजिटल सेवा विकणाऱ्या बाहेरच्या कंपनीवर पहिल्या विक्रीपासून व्हॅट लागू होतो. किमान उलाढालीची सवलत नाही. हे काम पाच टक्क्यांत होत असेल, तर मला ते महाग वाटत नाही. स्ट्राइपने 2024 मध्ये याच पद्धतीची लेमन स्क्वीझी ही कंपनी विकत घेतली, ती काही उगाच नव्हे.

रिफंड दिला की कमिशनही परत येतं, असं धरून चालू नका. स्ट्राइप मूळ कमिशन परत करत नाही, आणि आपल्याकडेही बहुधा तसंच असतं.

नाशिकच्या कंपनीकडे पुन्हा पाहिलं, तर तिचा सगळ्यांत मोठा खर्च दरपत्रकात छापलेलाच नाही. कार्डाची मुदत संपली, मँडेट रद्द झालं आणि एक दवाखाना नकळत गळाला, तर महिन्याचे 1,500 गेले. तेवढ्यात 42 दवाखान्यांचं कमिशन निघतं. त्यामुळे घासाघीस करताना पाव टक्क्यासाठी जरूर भांडावं, उलाढाल वाढली की दर खाली येतातही. पण त्याच बैठकीत विचारावं, की शंभरपैकी किती मँडेट पहिल्या झटक्यात नोंदली जातात, फसलेली कपात पुन्हा किती वेळा आणि कोणत्या दिवशी करता, आणि उद्या गेटवे बदलला तर जुनी मँडेट सोबत नेता येतील की प्रत्येक डॉक्टरला पुन्हा ओटीपी मागावा लागेल.