डोकं नांगराचं, हात गवताचे

नुकत्याच कापलेल्या गवतात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणी असतं. गठ्ठे बांधून वर्षभर साठवायचं तर ते २० टक्क्यांच्या खाली आणावं लागतं. तेवढं वाळलं नाही, तर पेशींचा श्वास आणि बुरशी मिळून गंजी आतून तापवतात. ओला कडबा घाईने गंजीला लावला की तो कसा काळा पडतो, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मोठ्या, दाबून रचलेल्या गंजीत गोष्ट तिथेच थांबत नाही. आतलं तापमान ७० अंशांपुढे गेलं की रासायनिक क्रिया सुरू होतात आणि काही आठवड्यांनी गंजी आपोआप पेट घेऊ शकते.

ब्रिटन-आयर्लंडच्या उन्हाळ्यात सलग चार कोरडे दिवस मिळणं ही चैनच. तेवढ्यात कापायचं, पसरायचं, उलटायचं, ओळीत ओढायचं आणि बांधायचं. शेतातून फेऱ्या पुष्कळ, पण कापणी आणि बांधणी सोडली तर जोर फारसा लागत नाही. म्हणूनच तिथल्या छोट्या शेतांवर सत्तर वर्षांपूर्वीचा, पंचवीसेक अश्वशक्तीचा करड्या रंगाचा ट्रॅक्टर अजूनही गवताच्या हंगामात शेडबाहेर निघतो. त्याचं नाव फर्ग्युसन टीई-२०. लाडाने ‘लिटल ग्रे फर्गी’. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले.

त्याचा जनक हॅरी फर्ग्युसन. (पुणेकरांनी गैरसमज करून घेऊ नये, कॉलेजचे फर्ग्युसन वेगळे, ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर.) हा आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्याने स्वतः बांधलेलं विमान उडवलं होतं. पुढे त्याचं लक्ष नांगराकडे वळलं. तेव्हाचे ट्रॅक्टर नांगर बैलासारखे नुसते मागे ओढत. फाळ दगडाला अडला की मागची चाकं जागच्या जागी जोर लावत, पुढचं तोंड उचललं जाई आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा पडे. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला : खाली दोन, वर एक. खालच्या दांड्या ओढतात, वरची ढकलते. फाळ अडला की हीच वरची दांडी, म्हणजे टॉप लिंक, पुढे रेटा देते आणि ट्रॅक्टरचं तोंड खाली राहतं.

खरी करामत त्या टॉप लिंकमागच्या स्प्रिंगमध्ये आहे. नांगर खोल गेला की ओढ वाढते, स्प्रिंग दबते, तिला जोडलेली झडप हलते आणि हायड्रोलिक यंत्रणा नांगर किंचित वर घेते. ओढ कमी झाली की पुन्हा खाली. हाच तो ‘ड्राफ्ट कंट्रोल’. झडपसुद्धा पंपाच्या तेल ओढणाऱ्या बाजूला बसवलेली. त्यामुळे नांगर नुसता धरून ठेवायचा असतो तेव्हा पंपाला तेलच मिळत नाही आणि ते फुकट फिरून तापत नाही. या रचनेच्या पेटंटसह इतर वादांवरून फर्ग्युसनने फोर्ड कंपनीला कोर्टात खेचलं आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलर वसूल केले.

गवताच्या शेतात मात्र ही सगळी हुशारी रिकामी बसते. दाताळं जमिनीत शिरत नाही, ओढ जवळजवळ नाहीच, स्प्रिंग दबणार कशाने? त्यात टीई-२० ला ‘पोझिशन कंट्रोल’ नाही. लिव्हर खाली केली की यंत्र तळाशी, वर केली की टोकाला. मधल्या उंचीवर ते स्वतःहून थांबत नाही. मग गवत कापणाऱ्या कटर बारची उंची त्याच्याच तळाच्या घसरपट्ट्यांनी ठरवायची, दाताळ्याची त्याच्या छोट्या चाकांनी, नाहीतर खालच्या दांड्यांना साखळ्या बांधायच्या. हायड्रोलिककडे उरतं ते हमालाचं काम : बांधाशी उचल, वळल्यावर सोड. माझ्या मते फर्गी गवतात टिकला तो याच साधेपणामुळे. खाली सोडलेलं यंत्र तीन सांध्यांवर मोकळं राहतं आणि उंचसखल रानाबरोबर वरखाली होतं.

टॉप लिंकचं एक काम तरी उरतंच. ती पिळून आखूड-लांब केली की गवत उलटणाऱ्या यंत्राचे दाते पुढे-मागे कलतात. फार खाली टेकले तर माती उकरून वैरणीत मिसळतात आणि मातीतले जिवाणू ती नासवतात. फार वर राहिले तर तळचं ओलं गवत तसंच.

जुन्या यंत्राची खोड दिसते कापणीत. क्लच एकच, आणि त्याच्यावर तीन गोष्टी अवलंबून : चाकं, पीटीओ (इंजिनाचा जोर यंत्राला पोहोचवणारा मागचा फिरता दांडा) आणि हायड्रोलिकचा पंप. गवत पात्यांत अडकलं म्हणून पाय क्लचवर गेला की चाकांबरोबर पातंही थांबतं. बांधाशी पोहोचल्यावर क्लच दाबून लिफ्टची लिव्हर ओढली तर बार जागचा हलत नाही, कारण पंप थांबलेला. म्हणून आधी लिफ्ट, मग क्लच. उलट नुसतं यंत्र उचलायचं असलं तरी पीटीओ चालू करावाच लागतो, आणि मागचा दांडा मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे मारत असतो. लुंगी असो की ओव्हरऑल, त्याला फरक पडत नाही. अडकलेलं गवत काढायला हात घालण्यापूर्वी इंजिन बंदच हवं.

जड फिरती तबकडी असलेलं कापणी यंत्र जोडलं तर वेगळीच गंमत. क्लच दाबूनही ट्रॅक्टर थांबत नाही. फिरत्या तबकडीचा जोर पीटीओतून उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि चाकं पुढे रेटतो. त्यावर उपाय म्हणजे दांड्यावर बसवायचा ओव्हररनिंग कपलर. तो सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एकाच दिशेने जोर पोहोचवतो.

गोल गठ्ठे आले आणि हिशेब आणखी बदलला. मागच्या दांड्यांवर लोखंडी भाला लावून गठ्ठा टोचून उचलतात. टीई-२० चं वजन साधारण ११०० किलो. त्यातला एक तृतीयांश भार, समजा ३७० किलो, पुढच्या चाकांवर. पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर १७८ सेंटिमीटर. २५० किलोच्या गठ्ठ्याचा मध्य मागच्या आसापासून सुमारे १४० सेंटिमीटर मागे धरला, तर २५० गुणिले १४० भागिले १७८, म्हणजे जवळपास २०० किलो भार पुढच्या चाकांवरून उतरला. राहिले १७०. स्टिअरिंग हलकं लागू लागतं. गठ्ठा ४५० किलोचा असेल आणि पंपाने तो उचललाच, तर पुढे जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून जाणते लोक पुढे वजनं लावतात, गठ्ठा जमिनीलगत ठेवतात आणि चढण रिव्हर्समध्ये चढतात. इंजिन बंद झाल्यावर झिजलेल्या रिंगांमधून तेल झिरपतं आणि उचललेलं ओझं हळूहळू खाली येतं; त्याखाली कोणी जात नाही.

१९५६ मध्ये आलेल्या फर्ग्युसन ३५ मध्ये दुसरी लिव्हर आली, पोझिशन कंट्रोलची. हाच पुढे मॅसी फर्ग्युसन ३५ झाला. १९६० मध्ये मद्रासमध्ये स्थापन झालेल्या टॅफे कंपनीचा १०३५, आपल्याकडचा ‘मॅसी’, त्याच घराण्यातला. त्याच्या मागे दाताळं लावून गवत किंवा उसाचं पाचट ओळीत ओढायचं असेल, तर ड्राफ्टच्या लिव्हरचं तिथे काम नाही. पोझिशनच्या लिव्हरने यंत्र पूर्ण खाली सोडायचं आणि उंची त्याच्या स्वतःच्या चाकांवर सोपवायची.