बांधावरून फायाकडे

आश्विनात मुळशी खोऱ्यातली भातखाचरं निसवायला लागतात. पौड ओलांडून ताम्हिणीच्या दिशेला निघालेला माणूस अशा दिवसांत सकाळी एखाद्या बांधावर उतरला आणि ते खाचर आंबेमोहराचं असलं, तर त्याला चिखलाच्या मातकट वासातून वर येणारा दुसरा एक वास लागतो. हा वास गोडसर, भाजल्या दाण्याकडे झुकणारा आणि आंब्याच्या झाडाखाली माघात येणाऱ्या वासाच्या जवळचा असतो. दाणा अजून भरलेलाही नसतो, शिजण्याची गोष्ट लांबच. तरी वास येतो, कारण सुवासिक भाताच्या पात्यातही तो असतो.

या वासाला रसायनशास्त्रात नाव आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सुवासिक तांदळातला मुख्य रेणू ओळखला. तो म्हणजे २-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलिन. बासमतीत तोच, थायलंडच्या जास्मिन तांदळात तोच. मक्याच्या गरम लाह्यांत आणि केवड्याच्या कुळातल्या, बिर्याणीत घालतात त्या अन्नपूर्णेच्या पानातही तोच. साध्या भातात एक जनुक या रेणूचा कच्चा माल दुसरीकडे वळवतं. सुवासिक भातात आठव्या गुणसूत्रावरचं हे जनुक बिघडलेलं असतं, म्हणून तो कच्चा माल साठतो आणि त्याचा वास होतो. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी हा बिघाड नाकाने निवडला आणि जपला. आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो, उतारा कमी देतो. त्यामुळे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढलेल्या इंद्रायणीने १९८०च्या दशकाअखेरपासून त्याची बरीच जागा घेतली. ज्यांनी आंबेमोहर सोडला नाही, त्यांच्यापैकी अनेकांनी तो केवळ वासासाठी ठेवला.

अत्तरांवरच्या लेखाची सुरुवात भातापासून करण्याला कारण आहे. अत्तरांची आणि परफ्यूमची हौस असणारा माणूस दुकानात जाऊन वास घेतो तेव्हा त्याचं नाक कशाशी तरी तुलना करत असतं. ज्याच्या नाकाकडे तुलनेला भरपूर माल आहे, त्याला बाटलीतलं पुष्कळ काही ऐकू येतं. हा माल विकत घ्यावा लागत नाही. मुळशीत राहणाऱ्याला किंवा शनिवार-रविवारी तिकडे जाणाऱ्याला तो वर्षभर फुकट मिळतो: ज्येष्ठातली पहिली ओली माती, श्रावणात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास, देवळामागच्या बकुळीचा सडा, गोठ्यातला पेंढा, चुलीवर करपलेलं दूध.

आणि मराठीकडे या मालाला शब्दही आहेत. जुन्या खोबऱ्याला खवट, ताकाच्या भांड्याला आंबूस, तळणीच्या हाताला ओशट, भाजल्या बेसनाला खमंग. शिवाय करपट, हिरवट, उग्र आहेत. नुसत्या चांगल्या वासासाठी दरवळ, घमघमाट, परिमळ असे वेगवेगळ्या जोराचे शब्द आहेत. हे वैभव सर्व भाषांत नसतं. मलेशियाच्या जंगलात राहणाऱ्या जहाई लोकांवर आसिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. जहाई माणसं वासाला जितक्या सहज नाव देतात तितक्याच सहज रंगाला देतात; इंग्रजी बोलणारे मात्र वासापाशी अडखळतात आणि ‘अमुक वस्तूसारखा’ म्हणून वेळ मारून नेतात, असं त्यात दिसलं. हौशी माणसाने चाचणीची वही मराठीत लिहावी, ती या कारणाने. ‘सुरुवातीला हिरवट, मग खमंग, शेवटी किंचित कुबट’ ही नोंद जाहिरातीतल्या दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगते.

वही लिहायची तर वास घ्यायची रीत शिकावी लागते. माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राहक काम करतात. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली शोधली आणि २००४ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. हे ग्राहक सर्वांचे सारखे नसतात. जांभळ्या व्हायोलेट फुलाच्या वासातला बीटा-आयोनोन काहींना फुलासारखा लागतो आणि काहींना जवळजवळ लागतच नाही. एका जनुकातल्या फरकाने हे होतं. कृत्रिम कस्तुरीचे काही रेणूही अनेकांच्या नाकापुढून न कळत निघून जातात. त्यामुळे ‘मला याचा वासच येत नाही’ म्हणणारी मैत्रीण बहुधा खरंच बोलत असते.

नाक दमतंही लवकर. एका वेळी चार, फार तर पाच नमुने घ्यावेत. सहाव्याला न्याय मिळत नाही. मॉलमधल्या दुकानांत काचेच्या वाटीत कॉफीच्या बिया ठेवतात, त्यांनी नाक ताजंतवानं होतं असा समज आहे. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉफी साध्या हवेपेक्षा सरस ठरली नाही. दुकानाबाहेर येऊन दोन मिनिटं उभं राहणं तेवढंच उपयोगी आहे.

कागदाच्या पट्टीवर फवारलेलं परफ्यूम पहिल्या मिनिटाला हुंगणं म्हणजे बरंचसं अल्कोहोल हुंगणं. ते उडू द्यावं. मग लिंबू-संत्र्यासारखे हलके रेणू पुढे येतात आणि पाव-अर्ध्या तासात जातात. त्यांच्यामागून फुलं आणि मसाले येतात. चंदन, ऊद, राळ, कस्तुरी ही जड मंडळी तळाशी असतात आणि दुसऱ्या दिवशीही पट्टीवर सापडतात. दुकानं विकतात ती पहिली दहा मिनिटं. माणूस अंगावर बाळगतो ते पुढचे सहा तास. म्हणून पट्टीवर नाव आणि वेळ लिहून ती खिशात घालावी, त्यातून आवडलेले दोनच वास अंगावर घ्यावेत, एक एका मनगटावर, दुसरा दुसऱ्यावर, आणि काही न विकत घेता घरी जावं. मनगटं एकमेकांवर घासू नयेत. चोळण्याच्या उबेने वरचे हलके रेणू लवकर उडतात. तासाने, चार तासांनी, झोपताना नोंद करावी. १०० मिलीची बाटली म्हणजे अंदाजे हजार फवारे. इतका वास आवडण्याआधी १ मिलीची कुपी संपवून पाहणं शहाणपणाचं. पुण्यातले हौशी लोक एक मोठी बाटली चौघांत वाटून घेतात, तेही याच हिशेबाने.

अशी थोडी सवय झाली की बाटलीवरची परकी नावं ओळखीची निघू लागतात, आणि या छंदातली खरी गंमत तिथे सुरू होते. ‘व्हेटिव्हर’ म्हणजे वाळा. उन्हाळ्यात माठात टाकलेली जुडी, खिडकीवरचा ओला पडदा. हा शब्दही तमिळमधून फ्रान्सला गेला. फ्रेंच कंपनी कार्व्हेंने १९५७ साली याच नावाचं परफ्यूम काढलं, पुढे गेर्लँनेही काढलं. आज जगाला वाळ्याचं तेल मुख्यतः हैती पुरवतो आणि ते आपल्याकडच्या रूह खसपेक्षा वेगळं लागतं. दोन्ही शेजारी ठेवून पाहावं. ‘ट्यूबरोज’ म्हणजे निशिगंध. मूळचं मेक्सिकोचं हे फूल पुण्याच्या गुलटेकडीच्या फूलबाजारात ढिगांनी येतं. जर्मेन सेलिए या फ्रेंच महिलेने १९४८ साली ‘फ्राका’ रचलं, त्यात हाच निशिगंध लोण्यासारखा दाट होऊन येतो. लग्नाच्या मांडवात वाढलेल्या मराठी नाकाला फ्राका समजावून सांगावं लागत नाही. आणि दवणा! चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा. त्याच्या तेलाला सुकामेव्याचा आणि मद्याचा वास असतो, आणि जगभरचे अत्तररचनाकार ते वापरतात. ते प्रत्येकाच्या त्वचेवर वेगळं लागतं अशी त्याची ख्याती आहे.

पहिल्या पावसाचं तर स्वतंत्र अत्तर आहे. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ साली ‘नेचर’मध्ये या वासाला ‘पेट्रिकोर’ नाव दिलं. कनौजचे कारागीर मात्र तो वास त्याच्याही आधीपासून कुपीत भरत होते. भाजलेली माती तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर तापवायची, वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलावर न्यायची. ज्या भांड्यात ती जमा होते त्याला तिथे ‘भपका’ म्हणतात. मराठीत हाच शब्द नाकावर आदळणाऱ्या वासासाठी आहे.

कनौजचा माल मुंबईत पाहायचा तर मोहम्मद अली रोड गाठावा. मिनारा मशिदीच्या परिसरातल्या दुकानांत काचेच्या नक्षीदार बाटल्यांच्या रांगा असतात: हिना, शमामा, मोतिया, केवडा, मजमुआ. विक्रेता काचेची काडी हाताच्या पाठीवर ओढतो. इथे अल्कोहोल नसतं, त्यामुळे परफ्यूमचा पहिला झटका नाही. अत्तर त्वचेच्या उबेने हळूहळू उघडतं. हौशी माणसाने इथे घाई केली की हमखास फसगत होते, कारण शमामासारखं अनेक वनस्पतींचं अत्तर पहिल्या अर्ध्या तासात नुसतं औषधी लागतं. जुनी रीत फायाची आहे. कापसाचा बोळा अत्तरात बुडवून कानाच्या पाळीवरच्या खळग्यात ठेवायचा. तिथे ऊब असते, वारा कमी असतो आणि कपड्याला डाग पडत नाही. चाचणीसाठी यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

अत्तर-गुलाब आणि पानसुपारी हा दरबाराचा आणि लग्नाचा शिष्टाचार मराठी माणसाला माहीत असतो. या मुलखात अत्तरं करण्याची विद्याही लिहून ठेवलेली होती, हे मात्र फारसं माहीत नसतं. ती उजेडात आणण्याचं मोठं श्रेय पुण्यातल्या एका संशोधकाला जातं. देवरुखला १८९१ साली जन्मलेले परशुराम कृष्ण गोडे हे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक होते. हस्तलिखितांच्या ढिगांतून त्यांनी भारतीय जीवनातल्या साध्या वस्तूंचा इतिहास काढला आणि १९४०च्या दशकात दोन ग्रंथांवर लिहिलं: गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’. या दुसऱ्या ग्रंथावर जुन्या मराठीत टीका आहे. म्हणजे संस्कृत कृती मराठीतून समजून घेऊन वापरणारं कुणीतरी होतं. प्रकाशझोताबाहेर राहून केलेलं गोड्यांचं हे काम मराठी वाचकांनी अजून पुरतं आपलंसं केलेलं नाही, याची खंत वाटते.

‘गंधसार’ सुगंधी द्रव्यांवरच्या सहा क्रिया सांगतो: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भावन म्हणजे पूड द्रवात मुरवणं, पाचन म्हणजे शिजवणं, बोध म्हणजे वास जागा करणं. शेवटच्या दोन तर घरातल्याच: धूप देणं आणि फुलांच्या संगतीत वास चढवणं. याच्याही कितीतरी आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीला अख्खा अध्याय दिला. सोळा द्रव्यांतून चार निवडण्याचे १८२० मार्ग होतात हे गणित त्यात अत्तरांच्या निमित्ताने येतं. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी, चंदन, आंबेहळद किती घ्यायची यावर घराघरांत मतभेद असतात, ते याच गणिताचे वंशज म्हणायला हरकत नाही.

मराठी घराण्यांनी ही विद्या कारखान्यातही नेली. एस. एच. केळकर आणि कंपनीची सुरुवात १९२२ साली मुंबईत झाली. ‘कोब्रा’ आणि ‘केवा’ ही तिची नावं. ‘केवा’त केळकर आणि वझे या दोन्ही आडनावांची पहिली अक्षरं दिसतात. साबण, अगरबत्ती, केसांची तेलं यांना लागणारे सुगंध बनवणारी ही कंपनी २०१५ साली शेअर बाजारात आली. ग्राहकाला तिचं नाव सहसा दिसत नाही, कारण सुगंध दुसऱ्याच्या वेष्टनात जातो. मुलुंडला केळकर शिक्षण संस्थेचं वझे महाविद्यालय आहे, तिथे सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. ज्यांची हौस छंदाच्या पलीकडे जाते त्यांना मराठी मुलखातच शिकायची सोय आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. नाक जन्मजात लागतं असा धाक घालून कित्येक मुलामुलींना यापासून दूर ठेवलं जातं. प्रत्यक्षात विद्यार्थी शेकडो द्रव्यं रोज हुंगून, नावं घोकून, पुन्हा हुंगून तयार होतात. पाढे पाठ करण्यासारखंच ते काम आहे.

मुळशीच्या बांधावरचा वास मात्र अजून कुपीत नीट उतरलेला नाही. शिजत्या भाताचा भास देणारी परफ्यूम बाजारात आहेत, पण २-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलिन हा रेणू टिकाऊ नाही. हवेत, उबेत, साठवणीत तो उडून जातो. याच कारणाने सुवासिक तांदूळ जुना होईल तसा त्याचा वास मंदावतो. ज्याला आंबेमोहराचा खरा नमुना नोंदवायचा आहे त्याने कार्तिकात, खळी चालू असताना, मुळशीत जाऊन नवा तांदूळ थेट शेतकऱ्याकडून घ्यावा, त्याच संध्याकाळी साध्या पाण्यात शिजवावा, झाकण काढताच पहिली नोंद करावी, पाच मिनिटांनी दुसरी, आणि भात निवल्यावर तिसरी.